सेवा नको म्हणाले

१

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला एक माणूस ऑफिसात शिरला. कोणालाही काही न विचारता त्याने पहिल्याच टेबलावर एक लाल बटण ठेवलं. गळ्यात अडकवायचं, दोरी असलेलं, बोराएवढं.

"हे माझ्या आत्याच्या गळ्यात होतं," तो म्हणाला. "ती न्हाणीघरात पडली होती. तीन दिवस. काल शेजाऱ्यांनी दार तोडलं."

ते टेबल काकूंचं होतं. बावन्न वर्षांच्या, बँकेतली नोकरी सोडून इथे आलेल्या. सगळं ऑफिस त्यांना काकूच म्हणायचं. ऑफिसचा धंदा साधा होता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी नऊ वाजता फोन जायचा, त्यांनी एक आकडा दाबला की ती ठीक आहेत असं समजायचं. नाही दाबला, किंवा दिवसभरात कधीही गळ्यातलं बटण दाबलं, तर किल्ली घेऊन माणूस जायचा. महिन्याची वर्गणी कार्डावरून आपोआप कापली जायची. ती कापली गेली नाही की काम काकूंकडे. कोणाचं कार्ड बदललेलं असायचं, कोणाच्या खात्यात पेन्शन जमा व्हायची असायची. काकू गोडीगुलाबीने फोन करून ते अडकलेलं पेमेंट सोडवायच्या. चार वर्षांत पैशापायी त्यांनी एकाचीही सेवा बंद पडू दिली नव्हती.

"तुमच्याकडून कोणी का आलं नाही?" त्या माणसाने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो जास्तच अंगावर आला.

काकूंनी कॉम्प्युटरवर आत्याबाईंची फाइल उघडली. सेवा अठरा दिवसांपूर्वी बंद झाली होती. कारण: कार्डाची मुदत संपली, पेमेंट फेल. त्याखाली शेरा होता.

'ग्राहकाशी फोनवर बोलणे झाले. सेवा नको म्हणाले. बंद करावी.'

शेऱ्याखाली काकूंचं नाव होतं.

 हा फोन त्यांनी केल्याचं त्यांना मुळीच आठवत नव्हतं.

पुतण्याने खिशातून एक कार्ड काढून टेबलावर सरकवलं. "तिच्या पर्समधलं. मुदत वाचा."

मुदत संपायला अजून तीन वर्षं होती.

२

साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, केबिनमधून बाहेर आले. पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलले, चौकशी करतो म्हणाले, त्याला दारापर्यंत पोचवून आले. मग काकूंना आत बोलावलं.

"काकू, तुम्ही दिवसाला तीस-तीस फोन करता. एखादा राहून जातो डोक्यातून. वय होतं माणसाचं."

"साहेब, मी असा शेरा लिहीन का?"

"लिहिलाय ना पण." ते समजुतीने हसले. "शुक्रवारी ती मोठी मंडळी येणार आहेत, कंपनी विकत घेणारी. त्याआधी हे मिटायला हवं. तुम्ही एक कागद लिहून द्या, नजरचुकीने झालं म्हणून. बाकी मी सांभाळून घेतो."

काकू जागेवर येऊन बसल्या.  त्यांच्या आईला शेवटी शेवटी काही आठवेनासं झालं होतं. गॅस चालू ठेवून ती शेजारी जाऊन बसायची आणि घरी येऊन विचारायची, हा वास कसला गं. ते सुरू झालं तेव्हा आई चोपन्न वर्षांची होती.

मीच केलं असेल तर?

 पण हातपाय गाळून बसण्याऐवजी त्यांनी एक गोष्ट केली. फाइलमध्ये आत्याबाईंचा जो नंबर होता तो फिरवला. गेलेल्या बाईचा फोन आता कोण उचलणार, हे कळत असूनही फिरवला.

दुसऱ्याच रिंगला कोणीतरी उचलला. मागे यंत्रांची घरघर होती.

"लाँड्री. बोला."

काकूंनी फिरवलेला नंबर पुन्हा ताडून पाहिला. मग त्यांनी आत्याबाईंचं आडनाव सांगितलं.

"अहो, मी तुमच्या कंपनीला दोनदा लिहिलं की ती बाई इथे राहत नाही!" लाँड्रीवाला वैतागला. "पहिल्यांदा मेसेज आला, पेमेंट झालं नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी आला, सेवा बंद झाली म्हणून. माझी कसली सेवा? मी इथे दुसऱ्यांचे शर्ट धुतोय."

"आधी कधी आले होते असे मेसेज?"

"कधीच नाही. हे दोनच."

काकूंनी फोन ठेवला. पुतण्याने जाताना आत्याचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला होता. तो आणि फाइलमधला, दोन्ही शेजारी शेजारी धरून त्यांनी पाहिले. नऊ आकडे तेच, शेवटचा फक्त वेगळा. कार्डाच्या मुदतीतही वर्षाचा एकच आकडा बदललेला होता.

विसरभोळं माणूस फोन करायला विसरेल. पेमेंट अडावं आणि मेसेज भलतीकडे जावेत असे दोन आकडे नेमके शोधून बदलणार नाही. पण ज्याने बदलले तो याच चार खोल्यांत कुठेतरी बसला होता, आणि काकूंच्या नावाने लिहीत होता. मघाची भीती गेली नाही, तिने नुसती जागा बदलली.

३

काकूंच्या मनात पहिला आला तो ऑफिसातला मामा; सगळेच त्याला मामा म्हणायचे. किल्ल्यांचं कपाट त्याच्याकडे. घरी जाऊन बटण बसवायचा तो, बोलावणं आलं की धावायचा तो. सेवा बंद झाली की त्या घराची किल्ली कुलूपबंद कपाटातून निघून परत पाठवायच्या खणात पडायची, आणि त्या खणाला कुलूप नव्हतं. एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांच्या किल्ल्या. कोणाला काय काय सुचू शकेल, या कल्पनेनेच काकूंच्या अंगावर काटा आला.

एक वाजता, सगळे डबे उघडत होते तेव्हा, त्या मागच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

"मामा, खणातल्या किल्ल्या मोजायच्यात."

मामाने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला कळलं. "ताई, मोजा. एकूण एक मोजा," तो म्हणाला. "त्या आत्याबाईंना मी उभ्या वर्षात पाच वेळा जमिनीवरून उचललंय. दर वेळी म्हणायच्या, तुझ्या कमरेला त्रास होईल रे, थांब, मीच उठते." त्याने तोंड फिरवलं. "आज सकाळपासून घास उतरत नाही घशाखाली."

दोघांनी मिळून खण रिकामा केला. सात किल्ल्या. सगळ्या जिथल्या तिथे, मामाच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. मग त्याने वही काढली. कोणाकडे कधी जावं लागलं, कुलूपवाला लागला का, रुग्णवाहिका लागली का, सगळं हाताने लिहिलेलं.

"हे कॉम्प्युटरवर नाही?"

"नाही. बिलं मी थेट साहेबांच्या हातात देतो. सात घरं दोन महिन्यांत बंद झाली, ताई. मला वाटलं, पोरांनी घरी नेलं असेल. बरंच झालं म्हटलं."

पावणेदोनला काकू बाहेर आल्या, त्या सरळ ऑफिसची कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळणाऱ्या इंजिनिअरच्या टेबलाशी. कानाला हेडफोन लावून तो दिवसभर आकड्यांत बुडालेला असायचा. ग्राहक म्हणजे त्याच्या लेखी एक आडनाव, एक आद्याक्षर आणि एक नंबर. तो कधी कोणाच्या घरी गेला नव्हता, कोणाशी बोलला नव्हता.

"माझ्या नावाचे, 'सेवा नको' असे सगळे शेरे काढ."

त्याने कालपर्यंतच्या नोंदींतून काढले; आजच्या नोंदी त्यात रात्री चढायच्या. सात. प्रत्येक ठिकाणी मजकूर शब्दाशब्दाने तोच. प्रत्येक शेरा दुपारी एक ते दीडच्या मधला.

"काकू, तुमची अडकलेल्या पेमेंटची यादी दोनला निघते ना?" तो हळूच म्हणाला. "दोनच्या आत शेरा पडला, तर नाव तुमच्या यादीत येतच नाही. म्हणून तुम्हाला यातलं कोणीच दिसलं नाही."

"कोणी लिहिलं ते दिसतं?"

"तुमचं नाव दिसतं. तुम्ही जेवायला जाता तेव्हा मशीन उघडंच असतं. आणि पासवर्ड मला माहीत आहे, साहेबांना माहीत आहे." तो थांबला.  "मी नाही केलं, काकू."

काकू आपल्या टेबलाकडे परतल्या. कोणावर विश्वास ठेवावा हेच कळेनासं झालं होतं.

४

बुधवारी सकाळी काकूंनी मामाच्या वहीतले खरे नंबर घेतले आणि फोनवरच्या मुलीला, चिमणीला, शेजारी बसवलं. सात घरांपैकी आत्याबाई गेल्या. उरली सहा. साहेब दुपारपर्यंत बाहेर होते.

पहिल्या आजींनी लगेच उचलला. "अगं चिमणे! किती दिवसांनी! तुमचा नऊचा फोन येत नाही, मी म्हटलं तुमचंच काही बिनसलं असेल."

"आजी, तुम्ही सेवा बंद करा म्हणाला होतात?"

"मी? वेडी का काय तू? ते बटण उशाशी घेऊन झोपते मी."

दुसरे आजोबा, तिसऱ्या आजी, सगळ्यांचं तेच. कोणाला काही माहीत नव्हतं. महिना-दीड महिना ही माणसं गळ्यात मेलेलं बटण घालून निर्धास्त फिरत होती. सहाव्या घरी फोन वाजत राहिला. चिमणी रडायलाच लागली. तिसऱ्यांदा लावला तेव्हा एका बाईने उचलला, सासूबाई आठवड्यापासून आमच्याकडेच आहेत म्हणाली. चिमणीने टेबलावर डोकं टेकलं.

काकूंनी मागच्या खोलीत तिघांना बोलावलं. मामा, चिमणी, इंजिनिअर. दार लावलं.

"आता मी बोलते. चुकलं तर सांगा. सातांपैकी पाच बायका आहेत. शेरा सगळीकडे एकच, 'म्हणाले'. मी बाईंबद्दल लिहिते तेव्हा 'म्हणाल्या' लिहिते, चार वर्षांचे शेरे काढून बघा. लिहिणाऱ्याला माझी नक्कल करायची होती. बाई आहे हे माहीत असतं तर त्याने तेवढं नक्की सांभाळलं असतं."

"एकच मजकूर चिकटवला असेल," इंजिनिअर म्हणाला.

"असेल. पण आकडे एक एक शोधून बदलणारा माणूस आहे हा, आळशी नाही. ज्याच्या डोळ्यांपुढे त्या आत्याबाई उभ्या आहेत, त्याचा हात 'म्हणाले'पाशी अडखळला असता. मामाने त्यांना उचललंय. चिमणी रोज बोलते. म्हणजे हे दोघे नाहीत."

इंजिनिअरने तिघांकडे पाहिलं. "उरलो मी. मला कोण बाई, कोण पुरुष, काही माहीत नसतं."

"थांब. मामा, वही उघडा. सगळ्यात जास्त वेळा कोणाकडे जावं लागलं, ओळीने सांगा."

मामाने बोटं मोजत नावं सांगितली. पहिली सात, तीच सात होती. 

"सगळ्यात जास्त पडणारी," चिमणी कशीबशी म्हणाली. "ज्यांना सगळ्यात जास्त गरज, तीच..."

"कारण तीच सगळ्यात महाग," काकू म्हणाल्या. "कुलूपवाला, रुग्णवाहिका, सगळ्याचा खर्च कंपनीचा. आता तू सांग," त्या इंजिनिअरकडे वळल्या, "तुला अशी यादी करायची असती तर कशावरून केली असतीस?"

"बटण किती वेळा दाबलं त्यावरून. माझ्याकडे तेवढंच असतं."

"मग तुझ्या यादीत पहिला कोण?"

"ते हवामानवाले आजोबा!" चिमणीच म्हणाली. "रोज दुपारी बटण दाबून मला विचारतात, छत्री घेऊ का. त्यांच्याकडे कधीच कोणाला पाठवावं लागलेलं नाही."

"आणि त्यांची सेवा चालू आहे. म्हणजे ही यादी बटणावरून नाही केलेली, मामाच्या बिलांवरून केली. बिलं दोघांनाच माहीत, मामांना आणि साहेबांना. आणि माणसं ठाऊक नसलेले दोघेच, तू आणि साहेब; बिलांवरही नुसतं आडनाव आणि रक्कम असते. दोन्हींत बसणारा माणूस एकच आहे."

 मग मामाचं बोट वहीवर पुढे सरकलं.

"ताई," तो म्हणाला, "आठव्या नंबरावर एक बाई आहेत. पाण्याच्या टाकीजवळची इमारत, तिसरा मजला, दारात निळी..."

"निळी खुर्ची," काकू म्हणाल्या.

ती त्यांची मावशी होती. आई गेल्यावर जिने त्यांना सांभाळलं ती. मावशीला कोणाची मेहेरबानी नको होती, म्हणून ऑफिसात त्यांनी कधी ते सांगितलं नव्हतं. मावशीचं आडनावही वेगळं. मामा तिथे जायचा आणि काकू पोचायच्या आत दुसऱ्या बोलावण्यावर निघालेला असायचा.

इंजिनिअरने धावत जाऊन फाइल उघडली. शेरा कालचाच होता. मंगळवार, दुपारी एक वाजून बारा मिनिटं. 'सेवा नको म्हणाले.' आज सकाळपासून सेवा बंद.

काल एक वाजून बारा मिनिटांनी काकू मामाबरोबर किल्ल्या मोजत होत्या. पुतण्या जाऊन दोनच तास झाले होते. म्हणजे आत्याबाईंचं सगळं कळल्यावर, त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात काढून घेतल्यावर, या माणसाने केबिनमध्ये बसून पुढचं नाव काढलं होतं.

काकूंनी मावशीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजतच राहिला.

५

तिसऱ्या मजल्यापर्यंत काकू कशा चढल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही. मामाने किल्ली लावली. दार चार बोटं उघडलं आणि अडलं. आतून साखळी होती.

"मावशी!"

आत पंखा फिरत होता. फोन वाजत होता, चिमणी तिकडून अजून लावतच होती. दुसरा काही आवाज नव्हता.

"मावशी, मी आलेय!"

मामाने खांदा लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा साखळी चौकटीसकट निघाली.

मावशी पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत पडली होती. एक पाय विचित्र वळलेला. डोळे मिटलेले. काकू गुडघ्यांवर बसल्या, पण हात पुढे होईना. हात लावला आणि अंग गार लागलं तर? मामानेच वाकून मनगट धरलं.

"आहेत," तो म्हणाला. "ताई, आहेत!"

मावशीने डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते. बटण अजून तिच्या मुठीतच होतं, अंगठा त्यावर.

"सातला पडले गं," ती पुटपुटली. "तेव्हापासून दाबतेय. कोणी येईना. म्हटलं, माझंच बोट नीट बसत नसेल."

"तुझं बोट नीटच बसत होतं," काकू म्हणाल्या आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. 

६

मावशीचं खुब्याचं हाड मोडलं होतं, पण जिवावरचं टळलं होतं. तिला वॉर्डात सोडून काकू चारला ऑफिसात परतल्या. साडीला अजून दवाखान्याचा वास होता.

साहेब केबिनमध्ये होते. "लिहून आणलंत?"

"आणलंय." काकूंनी कागद पुढे ठेवला. कबुली नव्हती ती. मामाच्या वहीतली आठ नावं होती, समोर बदललेले आकडे आणि शेऱ्यांच्या वेळा. "शेवटचं नाव वाचा. ती माझी मावशी आहे. काल एक वाजून बारा मिनिटांनी मी किल्ल्या मोजत होते, मामा साक्षीला आहे. चिमणी फोनवर होती, तिचा फोन रेकॉर्ड होतो."

साहेबांनी वाचलं. बराच वेळ वाचलं. मग खुर्चीत मागे टेकले.

"मला माहीत नव्हतं ती तुमची कोणी आहे," ते म्हणाले. "खरंच नव्हतं, काकू. नाहीतर मी नववं नाव घेतलं असतं."

दारात उभ्या असलेल्या चिमणीने तोंडावर हात दाबला.

"मी कोणाला मारलं नाही," साहेबांचा आवाज आता घाईचा झाला होता. "एक आकडा बदलला फक्त. ही आठ घरं असती तर कोणी ही कंपनी विकत घेतली नसती. मग तीनशे घरांचा फोन बंद झाला असता. तुमचेही पगार गेले असते. त्यांच्या पोरांनी विचारायला नको होतं, आईचा फोन येतो का नाही? कोणीतरी लक्ष दिलं असतं तर एका दिवसात कळलं असतं!"

"लक्ष द्यायचे पैसे ते तुम्हाला देत होते," काकू म्हणाल्या.

इंजिनिअरने तोपर्यंत पोलिसांना फोन केला होता. ते येईपर्यंत साहेब केबिनमध्येच बसून होते. काकूही समोरच्या खुर्चीत बसून राहिल्या. त्यांना त्या माणसाची भीती वाटत होती, तरीही. त्याचा चेहरा इतका रोजचा होता की त्यावर काहीच दिसत नव्हतं.

बंद केलेल्या घरांची सेवा त्याच संध्याकाळी सुरू झाली. शुक्रवारची मंडळी आली नाहीत. पुढे कंपनीचं काय होणार ते कोणालाच माहीत नव्हतं, पण नऊचा फोन जात राहिला.

आठ दिवसांनी आत्याबाईंचा पुतण्या पुन्हा आला. पोलिसांकडून त्याला सगळं कळलं होतं. तो काकूंसमोर बसला.

"एकच विचारायचंय," तो म्हणाला. "तिने बटण दाबलं होतं का?"

काकूंना हे माहीत होतं. सेवा बंद झाली तरी बटणाची खूण मशीनपर्यंत पोचायची, फक्त इकडे घंटा वाजायची नाही. इंजिनिअरने ती नोंद शोधून काढली होती आणि काकूंच्या हातात देऊन बाहेर जाऊन उभा राहिला होता. 'एकदाच,' असं सांगायचं काकूंनी तेव्हाच ठरवलं होतं. एकदाच दाबलं, मग शुद्ध गेली असेल. कोणाला कळणार होतं?

पुतण्या त्यांच्याकडे बघत होता. "खरं सांगा, काकू."

"एकशे त्रेसष्ट वेळा," काकू म्हणाल्या. "तीन दिवसांत. शेवटचं रविवारी दुपारी."

तो खाली मान घालून बसला. काकू उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"म्हणजे," तो म्हणाला, "रविवारपर्यंत तिला वाटत होतं, कोणीतरी येईल."